इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि गाणं: ऑप्शन फॉर्मपासून विशारदच्या वाटेपर्यंत

सीईटीचा निकाल लागला की आमच्याकडच्या कितीतरी घरांत एक पेच उभा राहतो. पोरगी भजनात पुढे असते, पोराचा तबल्यावर हात बसलेला असतो, संगीताच्या मध्यमा परीक्षेची तयारी अर्ध्यावर आलेली असते; आणि आता इंजिनिअरिंगला नंबर लागतोय. घरचे विचारतात, "गान्या-बजावन्यानं पोट भरते का?" क्लासमधले सर सांगतात, चार वर्षं खंड पडला तर गळा परत उभा करावा लागेल. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

मी इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतो आणि संध्याकाळी गाण्याच्या वर्गात बसतो. मला दिसतं ते असं की मुलांचं संगीत बहुधा दोन कारणांनी सुटतं. कॉलेज अशा गावी मिळतं की गुरू हाताबाहेर जातो, आणि दोन्हीकडच्या परीक्षा एकाच पंधरवड्यात येतात. या दोन्ही गोष्टी आधी कळण्यासारख्या आहेत, म्हणून त्यांचा बंदोबस्तही आधीच करता येतो.

ऑप्शन फॉर्म भरण्याआधी गुरू शोधा

कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेरीचा, ऑप्शन फॉर्म (कॉलेजांच्या पसंतीची यादी) भरताना सगळे शाखा, फी आणि प्लेसमेंट बघतात. संगीत चालू ठेवायचं असेल तर यादीत आणखी एक रकाना करा: या कॉलेजपासून संध्याकाळी सहानंतर जाऊन रात्री परत येता येईल अशा अंतरावर शिकवणारं कोण आहे?

विदर्भात हा प्रश्न फार कामाचा आहे, कारण आपली बरीच इंजिनिअरिंग कॉलेजं मोठ्या शहरात नाहीत. शेगाव, पुसद, सेवाग्राम, बडनेरा ही नावं घेतली तरी चित्र लक्षात येतं. सेवाग्रामला असाल तर वर्धा शेजारीच आहे. बडनेऱ्याला असाल तर अमरावती हाताशी आहे, आणि अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या अनेक कला महाविद्यालयांत बी.ए.ला संगीत हा विषय असल्यामुळे शिकवणारी माणसं त्या भागात सापडतात. पण एखादं कॉलेज गावापासून पंधरा किलोमीटरवर हायवेला असेल आणि शेवटची एसटी संध्याकाळी सातला निघून जात असेल, तर तिथला होस्टेलवासी क्लासला कसा पोचणार? दोन कॉलेजांची शाखा सारखी आणि मागच्या वर्षीचा कटऑफ उन्नीस-बीस असेल, तर गुरूजवळचं कॉलेज वर टाका. शाखेत मोठा फरक पडत असेल तर मात्र शाखेलाच मान द्या. चार वर्षं नावडता विषय रेटणाऱ्या मुलाचा रियाजही टिकत नाही.

शोधायचं कसं? इंटरनेटवर फारसं हाती लागत नाही. त्या गावात संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाचं केंद्र आहे का, ते आपल्या आत्ताच्या सरांना विचारा. कला महाविद्यालयाच्या संगीत विभागात जाऊन भेटा. गावातल्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्यांना विचारा, कोण नीट शिकवतं ते त्यांना नेमकं ठाऊक असतं. प्रवेश पक्का करण्याआधी एकदा त्या गुरुजींसमोर जाऊन बसा, घरून आई-वडिलांपैकी कोणी सोबत असलं तर उत्तम. "सर, इंजिनिअरिंगला आहे, परीक्षेच्या महिन्यात येणं होणार नाही," हे पहिल्याच भेटीत सांगून टाका.

आत्ताचे गुरू सोडवत नसतील तर महिन्यातून दोन रविवार गावी जाऊन त्यांच्याकडे आणि मधले दिवस रेकॉर्डिंगवर, असंही चालतं. त्यातही व्हिडिओ कॉलवर दोघांनी एकत्र गाण्याचा हट्ट धरू नका. आवाज पोचायला उशीर लागतो, ठेका जुळत नाही. गुरुजींनी एक पलटा, म्हणजे सरावाची स्वरांची ओळ, म्हणायचा, थांबायचं, मग तुम्ही म्हणायचं, असंच जमतं.

दुहेरी पदवी की गांधर्वच्या परीक्षा?

एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली, तेव्हापासून पालक विचारतात, मग बी.ई. आणि बी.ए. संगीत दोन्ही का नको? नियम असा आहे की दोन्ही अभ्यासक्रम नियमित असतील तर त्यांच्या वर्गाच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. नाहीतर एक नियमित आणि दुसरा दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन करता येतो.

कागदावर हे छान दिसतं. आपल्याकडे काही कला महाविद्यालयं सकाळच्या पाळीत भरतात, म्हणजे वेळाही कदाचित जुळतील. पण दोन्हीकडे हजेरी लागते, दोन्हीकडे अंतर्गत परीक्षा असतात, आणि दोन्ही कॉलेजं एकाच विद्यापीठाची असली तर हिवाळी आणि उन्हाळी परीक्षा त्याच दिवसांत येतात. मूळ टीसी एकाच ठिकाणी जमा होते, हाही गुंता असतो. शिष्यवृत्ती घेत असाल तर दुसऱ्या प्रवेशाने तिला धक्का लागतो का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारल्याशिवाय सही करू नका. माझं मत स्पष्ट आहे: इंजिनिअरिंगच्या नियमित पदवीसोबत दुसरी नियमित पदवी घेऊ नका. दूरशिक्षणाने संगीत घ्यायचं असेल तर त्या अभ्यासक्रमाला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का ते बघा आणि प्रात्यक्षिकासाठी कुठे जावं लागेल ते विचारा.

गावाकडच्या मुलासाठी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा जास्त सोयीच्या आहेत. हे मंडळ १९३१ सालचं. पायऱ्या ठरलेल्या आहेत: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण आणि पुढे अलंकार. सुरुवातीला प्रात्यक्षिकावर भर, वरच्या पायऱ्यांना लेखी पेपरही. शिकायचं गुरूकडे, परीक्षा केंद्रावर. रोजची हजेरी नाही. एखादं सत्र सोडलं तरी वर्ष वाया जात नाही, आणि इंजिनिअरिंगच्या मुलाला हीच सवलत सगळ्यात जास्त उपयोगी पडते. लक्षात एवढंच ठेवा की विशारद ही विद्यापीठाची पदवी नव्हे. पुढे एम.ए. संगीत करायचं मनात असेल तर त्या विद्यापीठाची पात्रतेची अट आत्ताच वाचून ठेवा.

एक छोटी चौकशी पहिल्या आठवड्यातच करा. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे बनलेल्या अभ्यासक्रमांत कला, योग, एनएसएस अशा गोष्टींना थोडे श्रेयांक ठेवलेले असतात. तुमच्या कॉलेजच्या यादीत संगीत असेल तर तेच घ्या.

दोन वेळापत्रकं एका कागदावर

आता सगळ्यात नाजूक भाग. गांधर्वची सत्रं साधारण एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशी असतात. विद्यापीठाच्या उन्हाळी आणि हिवाळी परीक्षाही त्याच सुमारास. त्यात शेतीच्या घरातल्या मुलाला दिवाळीनंतर कापूस वेचायला किंवा धान कापायला घरी हात लागतोच. नोव्हेंबर असा तीन बाजूंनी ओढला जातो.

म्हणून एक मोठा कागद घ्या. त्यावर आपल्या विद्यापीठाची मागच्या दोन वर्षांची प्रत्यक्ष वेळापत्रकं उतरवा: सेशनल (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षा) कधी झाल्या, प्रॅक्टिकल कधी, लेखी कधी. खाली परीक्षा केंद्रावरून गांधर्वच्या मागच्या दोन वर्षांच्या तारखा घ्या, अर्ज भरायच्या मुदतीसुद्धा. कुठलं सत्र तुम्हाला मोकळं सापडतं ते या कागदावर दिसेल. स्वायत्त कॉलेजांच्या परीक्षा बऱ्याचदा विद्यापीठाच्या आधी उरकतात. तिथल्या मुलांना वाट जरा रुंद मिळते.

चार वर्षांत दोन परीक्षा, फार तर तीन. मी यापेक्षा जास्त सुचवत नाही. पहिल्या वर्षी संगीताची एकही परीक्षा देऊ नका. गणित, ग्राफिक्स, नवीन होस्टेल, कधीकधी इंग्रजीतून पहिल्यांदा शिकणं, एवढं पुरेसं आहे. रियाज तेवढा चालू ठेवा आणि पहिल्या सेमिस्टरचा निकाल बघा. सगळे विषय निघाले असतील तर दुसऱ्या वर्षी एक परीक्षा द्या. बॅकलॉग राहिला असेल तर आधी तो काढा. घरच्यांचा विश्वास तिथेच टिकतो किंवा जातो; एक विषय राहिला की दोष गाण्यावर येतो, मग तो खरा असो वा नसो. तिसरं वर्ष संगीताच्या दृष्टीने चांगलं असतं, कारण कॉलेज अंगवळणी पडलेलं असतं. पुढची पायरी तिथे घ्या. सातव्या सेमिस्टरमध्ये कॅम्पस इंटरव्ह्यू, प्रोजेक्ट, कुणाची एम.टेक.साठीची गेट परीक्षा. तेव्हा फक्त रियाज. प्रवेशिका पूर्ण करून आलेला विद्यार्थी या चालीने पदवी हातात पडेपर्यंत मध्यमा पूर्णपर्यंत पोचतो, आणि विशारद नोकरी लागल्यावर करता येतं.

७५ टक्के हजेरीचा नियम विसरू नका. आंतरमहाविद्यालयीन युवा महोत्सवात कॉलेजकडून गेलात तर ते दिवस हजेरीत धरून मिळतात, पण जाण्याआधी लेखी पत्र घ्या. परतल्यावर ते मिळवायला फार फिरावं लागतं.

रियाज कुठे, केव्हा, किती

रोज पाऊण तास. ज्या दिवशी सबमिशन आहे त्या दिवशी वीस मिनिटं, पण शून्य नाही. रविवारी दीड-दोन तास सलग. गाणाऱ्याने पाऊण तासातली पंधरा मिनिटं खर्जाला, म्हणजे खालच्या सप्तकातल्या स्वरांना, द्यावीत, पंधरा पलट्यांना बराबर, दुगुन, चौगुन (मूळ, दुप्पट, चौपट) अशा लयीत, आणि उरलेली पंधरा चालू रागाला. एका सत्रात दोनच राग धरा. तबलेवाल्याने एकच कायदा (तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना) महिनाभर. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र किंवा अॅप, मिनिटाला साठ ठोक्यांवर लावा. दहा मिनिटं बोल स्वच्छ निघाले तरच पाचने वाढवा.

होस्टेलमध्ये पहाटेचा मोठा आवाज शेजाऱ्यांना नको असतो. खर्ज हळू आवाजात खोलीत होतो, मोकळा आवाज बाहेर काढावा. ग्रामीण कॉलेजांजवळ आवार भरपूर असतं. मैदानाची कड, वर्कशॉपमागचा ओटा, जवळचं देऊळ. रेक्टरांना आधी सांगून ठेवा. मुलींनी सोबत कुणी असल्याशिवाय आवाराबाहेर जाऊ नये, त्यापेक्षा कॉलेजकडे संध्याकाळच्या एका तासासाठी रिकामी वर्गखोली मागावी. लेखी अर्ज दिला तर बहुतेक प्राचार्य नाही म्हणत नाहीत.

तानपुऱ्यासाठी मोबाइलचं अॅप चालेल, पण फोनच्या स्पीकरवर खर्जाची तार नीट ऐकू येत नाही. छोटा बाहेरचा स्पीकर लावा. लाइट जाते, तेव्हा तो चार्ज करून ठेवा. स्वतःची पट्टी, म्हणजे पेटीच्या ज्या स्वरावर तुमचा सा लागतो तो, वहीच्या पहिल्या पानावर लिहा, काळी एक असो की पांढरी चार. वयाच्या सतरा-अठराला मुलांचा आवाज बसत असतो, दर सहा महिन्यांनी गुरुजींकडून पट्टी तपासून घ्या.

वाद्यांना आपला उन्हाळा फार बाधतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की तबल्याची पुडी (वरचं कातडं) कोरडी होऊन ताणते, सूर चढतो. मग कुणीतरी खोलीत कुलर लावतो आणि त्याच्या ओल्या झोतात तीच पुडी सैल पडते. रोजच्या या चढउताराने पुडीवरचा काळा गोल थर, म्हणजे शाई, तडकते. तबला कुलरच्या झोताबाहेर, कव्हरात, जमिनीपासून जरा उंच ठेवा. भोपळ्याचा तानपुरा असेल तर पत्र्याच्या खोलीत ठेवू नकाच, तो घरीच बरा. पेटी धुळीपासून जपा. सुरात, म्हणजे आतल्या पितळी पत्तीत, माती बसली की स्वर अडकतो.

इंजिनिअरिंग इथे कामाला येतं

लेखी परीक्षेत लयकारी, म्हणजे तेच बोल दुप्पट-तिप्पट वेगात बसवणं, लिहायला येते तेव्हा इंजिनिअरिंगची मुलं पुढे निघून जातात. झपताल घ्या, दहा मात्रा. तिगुनमध्ये एक आवर्तन ३⅓ मात्रांत बसतं. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं तर १० वजा ३⅓, म्हणजे ६⅔ मात्रा गेल्यावर उचलायचं. सातव्या मात्रेचे तीन भाग करा, दोन सोडा, तिसऱ्यापासून सुरू करा. पाठ करायची गरज नाही, कुठल्याही तालाला हीच रीत. रूपक सात मात्रांचा, चौगुनला १¾ मात्रा लागतात, म्हणून ५¼ मात्रांनंतर उचल. हाताने टाळी देत हे म्हणून पाहा, गणित बरोबर असेल तर सम नेमकी पडते.

प्रोजेक्टचा विषय निवडताना तर संगीत हा खजिना आहे. गाणाऱ्याचा सूर ओळखणारा प्रोग्रॅम लिहायला अनेकजण घेतात आणि आवाजातल्या वारंवारता वेगळ्या काढणारी तयार एफएफटी वापरतात. इथे एक अडचण आहे, आणि तीच या प्रोजेक्टचा गाभा होऊ शकते. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले आणि एका वेळी तपासायचा तुकडा, म्हणजे खिडकी, ४०९६ नमुन्यांची ठेवली, तर वारंवारतेचे दोन शेजारी कप्पे सुमारे १०.८ हर्ट्झ अंतरावर पडतात. पुरुष गायकाचा काळी एकचा सा सुमारे १३८.६ हर्ट्झ, त्याचा कोमल रे सुमारे १४६.८. फरक आठ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे प्रोग्रॅमला सा आणि कोमल रे नीट वेगळे कळणारच नाहीत. खिडकी १६,३८४ नमुन्यांची केली तर कप्पा २.७ हर्ट्झचा होतो, पण मग एकेक खिडकी ०.३७ सेकंदांची होते आणि तेवढ्यात तान (जलद स्वरांची मालिका) किंवा मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघून जाते. त्यामुळे लहर किती वेळाने परत येते ते मोजणारी ऑटोकोरिलेशनसारखी पद्धत घ्यावी लागते. हे कोडं सोडवलेला विद्यार्थी व्हायव्यात अडत नाही.

सिव्हिलच्या मुलांसाठी आपल्या गावचं देऊळ आहे. सभामंडपाची लांबी १० मीटर, रुंदी ८, उंची ४ धरा. घनफळ ३२० घनमीटर, आतला एकूण पृष्ठभाग ३०४ चौरस मीटर. फरशी, स्लॅब आणि प्लास्टर आवाज फार कमी शोषतात, सरासरी शोषण गुणांक ०.०३ धरला तर शोषण सुमारे ९ चौरस मीटर. सॅबिनच्या सूत्राने, म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ भागिले शोषण, निनाद, म्हणजे आवाज थांबल्यावर तो घुमत राहण्याचा वेळ, साडेपाच सेकंदांच्या वर जातो, दारं-खिडक्या बंद असताना. तिथेच शंभर माणसं भजनाला बसली आणि एकेकाचं शोषण ०.४ चौरस मीटर धरलं, तर निनाद एक सेकंदाच्या आसपास उतरतो. रिकाम्या देवळात माइक तपासणारा ऑपरेटर फसतो तो यामुळेच. सतरंज्या, पडदे, कापसाच्या गाद्या लावून मोजमाप घ्या. गावाला उपयोग होईल असा अहवाल तयार होतो आणि प्रोजेक्टला गुणही मिळतात.

गावचं संगीत सोडू नका

शास्त्रीय शिकायला लागलेली काही मुलं भजनी मंडळात बसायचं टाळतात. त्यांनी तसं करू नये. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर सगळा विदर्भ जागवला; मोझरीचा गुरुकुंज आश्रम आजही तो वारसा चालवतो, आणि आपल्या खेड्यांतून सामुदायिक प्रार्थना म्हणणारी मंडळं आहेत. सुटीत गावी आलात की तिथे पेटीची साथ करा. गाणाऱ्याने ऐनवेळी पट्टी बदलली, लय वाढवली, तरी साथ न सोडण्याची शिकवण क्लासमध्ये मिळत नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या मुलांना झाडीपट्टीची रंगभूमी आहे. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, वडसा हे तिचं ठाणं. रात्रभर नाटक चालतं, वादकाला मानधन मिळतं आणि हात पक्का होतो. पण हंगामाची सुरुवात आणि हिवाळी परीक्षा एकाच वेळी येतात. रात्रभर वाजवून सकाळी पेपर देता येत नाही. परीक्षा संपल्यावर जानेवारीपासून, तेही शनिवारचे प्रयोग घ्या, आणि कंपनीला तारखा आधीच सांगा.

युवा महोत्सवात शास्त्रीय गायन, तालवाद्य, स्वरवाद्य, सुगम गायन, समूहगान असे प्रकार असतात. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पुढे राज्यपातळीवर आंतरविद्यापीठ 'इंद्रधनुष्य' आहे. आकाशवाणीच्या तरुणांसाठीच्या युववाणी कार्यक्रमासाठी आणि स्वरचाचणीसाठी जवळच्या केंद्रावर चौकशी करून ठेवा.

पैशाचं गणित

२०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार देतं. अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा. त्यातून वाचलेल्यातला थोडा भाग क्लासच्या फीला लावा, असं मी मुलींच्या पालकांना आवर्जून सांगतो. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, विद्यार्थ्यांना सवलतीचा पास मिळतो. अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांनी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज बघावा.

संगीतासाठी वेगळी मदत हवी तर केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती आहे: वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. गुरूकडे किमान पाच वर्षं शिकल्याची अट असते, म्हणून दरवर्षी गुरुजींकडून तारखेसह एक पत्र लिहून घेत जा. पहिल्या वर्षी नवी पेटी घेऊ नका. भजनी मंडळाची मागून घ्या, नाहीतर जुनी घेऊन सूर लावून घ्या.

पदवी हातात आल्यावर

बारावीला भौतिकशास्त्र आणि हातात कोणतीही पदवी असेल तर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत ध्वनिमुद्रण आणि ध्वनिआरेखनाच्या अभ्यासक्रमासाठी प्रवेश परीक्षा देता येते. इंजिनिअर आणि गाणारा अशा दोन्ही कानांचा उपयोग होणारी ही जागा आहे. संगीतातच पुढे जायचं तर पूर्व विदर्भाच्या मुलांना पुण्यापेक्षा छत्तीसगडमधलं खैरागड जवळ पडतं. १९५६ साली सुरू झालेलं तिथलं विद्यापीठ संगीत आणि ललित कलांनाच वाहिलेलं आहे. गोंदियाहून हावड्याच्या मार्गाने डोंगरगड किंवा राजनांदगावला उतरायचं आणि तिथून रस्त्याने जायचं.

बहुतेक मुलं मात्र नोकरीसाठी पुणे, हैदराबाद, बंगळूरला जातील. निघण्याआधी गुरुजींना विचारा की तिथे कोणाकडे जाऊ. त्यांच्या ओळखीने मिळालेलं दार लवकर उघडतं. मध्यमाची मूळ प्रमाणपत्रं, गुणपत्रिका आणि गुरुजींची पत्रं मार्कशीटच्याच फाइलमध्ये ठेवा. नव्या शहरातल्या केंद्रावरून विशारदचा अर्ज भरताना तीच दाखवावी लागतात, आणि गावी राहिलेली कागदं मागवेपर्यंत मुदत निघून जाते.